मूळ कल्पना: कै. कु. मोनिका

श्रीगोंदा, ४ ऑक्टोबर २०२४

ताई,

तुझं पत्र रेश्माच्या पार्लरवर मिळालं. गिऱ्हाइकं बसलेली असताना ती मोठ्यानं म्हणाली, "ज्ञानू, तुझं स्वर्गातून स्पीड पोस्ट आलंय गं." बायका हसल्या. त्यांना काही समजलं नाही म्हणून हसल्या, असं मी धरून चालले आहे. पुढच्या वेळी पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव घालू नकोस. आणि 'तुझी कै. ताई' अशी सही तर मुळीच करू नकोस. तुला गंमत वाटत असेल, मला ते बरं वाटत नाही.

आधी कामाचं विचारते. गोष्टीत दर्याबाई येसनाकाचा आवाज पहिल्यांदा ऐकते, तो भाग मी लिहायला घेतला आहे. कांद्याच्या चाळीत बसून तू तो मला कितीदा सांगितलास, पण आता मला त्याचं उत्तर तेवढं आठवतं, तिचा प्रश्न आठवत नाही. खापरी नळाला हवा जायला बांधलेला तो चौकोनी मनोरा, उसासा, त्याच्या भोकाशी ती तोंड नेते आणि काहीतरी विचारते. खाली जमिनीच्या पोटात नळ दुरुस्त करणारा येसनाक म्हणतो, "पाणी तुमचं, अंधार आमचा." ती काय विचारते? मी बरीच वाक्यं करून बघितली. सगळी माझी वाटतात. तुझं पाठव.

दुसरं. तू येसनाकाच्या भाकरीवर मिरचीचा ठेचा ठेवायचीस. मी तो काढला. निजामशाहीत मिरची आपल्या भागात पोचली होती का, याची मला खात्री करता आली नाही, आणि खात्री नसलेलं मी लिहिणार नाही. आधी मिरे घातले. मग वाटलं, नळवाल्याला मिरे कुठून परवडणार? शेवटी नुसतं मीठ ठेवलं. कोणी खोटं म्हणायला नको.

मी ज्या ॲपवर गोष्टीचे भाग टाकते, तिथल्या बायका रोज पुढचा भाग मागतात. एकीनं लिहिलं, "तुमच्या दर्याबाईपायी माझ्या कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात." अण्णाही ऐकतात. मी गोठ्यात बसून मोठ्यानं वाचायचं, त्यांनी दावं वळत ऐकायचं. शाळेत घालायच्या आधी त्यांनी आपल्याला चाळीच्या फळ्यांवर चुन्यानं अक्षरं शिकवली, तेव्हा बसायचे तसेच बसतात. दर्याबाई वाड्याबाहेर पहिलं पाऊल टाकते तिथं त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. म्हणाले, "काय धाडसाची पोर हाय गं!" मी काही बोलले नाही. तूही बोलली नसतीस. नाही, तू बोलली असतीस.

परवा सर्वपित्री झाली. "थोरलीचं बी वाढा," असं अण्णांनी सांगितल्यावर आई तुझं पान घेऊन स्लॅबवर गेली. मी मागून गेले. ती पानाजवळ काठी घेऊन उभी होती आणि येणाऱ्या प्रत्येक कावळ्याला हाकलत होती. "ह्याट! जित्या पोरीचं खातूस व्हय रं?" मग पाण्याच्या टाकीआड बसून तिनं ते सगळं स्वतः खाल्लं, वडे, खीर, आळूची भाजी, काहीही मागं न ठेवता. खाली येऊन म्हणाली, "शिवला." अण्णा म्हणाले, "बरं झालं." गेल्या वर्षीही तिनं असंच केलं होतं. तुला हे कळवावं की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला.

बाळाचं नाव दर्या ठेवलंस हे वाचलं. त्या नावावर तुझा हक्क आहे, मी काही म्हणत नाही. फक्त उद्या पुस्तक निघालंच, तर लोक म्हणतील तू पुस्तकावरून ठेवलंस.

तुझी ज्ञानू


श्रीगोंदा, २० नोव्हेंबर २०२४

ताई,

नदीवर त्या दिवशी काय झालं ते तू विचारतेस. 'सजवून लिहू नकोस, तुला सजवायची सवय आहे,' असंही म्हणतेस. बरं.

तुझा आणि चेतनरावांचा नोंदणी कार्यालयाबाहेरचा, गळ्यात हार घातलेला फोटो गावात फिरला, त्याच आठवड्यात सहादूतात्यांनी एसटी स्टँडवर फ्लेक्स लावला. तात्या म्हणाले, "बौद्धाच्या घरात गेली ती आपल्याला मेली." सख्ख्या भावाला अण्णा नाही म्हणू शकले असते. म्हणाले नाहीत. फोटो तुझा वक्तृत्व स्पर्धेतला होता, हातातला चषक कापून घेतलेला. खाली लिहिलं होतं, 'भावपूर्ण श्रद्धांजली. कै. कु. मोनिका गोरक्ष दरेकर.' कुमारीच ठेवलं. लग्न धरलं असतं तर नवऱ्याचं नाव घालावं लागलं असतं.

दहाव्याला कणकेची बाहुली केली. अण्णांनी डोकं भादरून घेतलं. भाताचा पिंड ठेवला. बाभळीवर कावळे ओळीनं बसले होते, पण एक खाली उतरेना. ऊन चढलं. पाव्हणे टॉवेल डोक्यावर घेऊन उभे. तात्या म्हणाले, "पोरीचं काय राहिलंय ते बोला कुनीतरी. विच्छा आडकलीय तिची." आई म्हणाली, "माहेरी यायचं राहिलंय. ये म्हना तिला." मावशीनं आईच्या तोंडावर पदर दाबला. अण्णांनी हात जोडले, "पोरी, तुजी पुस्तकं जपून ठेवीन." तरी नाही. मागून कोणीतरी पुटपुटलं, "आता दर्भाचा कावळा करून शिवा, जेवनं थंड व्हायला लागली."

मला भीती वाटली. लोक हसतील याची नाही. कावळ्यांना खरं माहीत आहे, असं वाटून भीती वाटली. मी पुढं झाले आणि म्हणाले, "ताईची दर्याबाईची गोष्ट मी पुरी करीन."

ताई, शपथेवर सांगते, वाक्य संपलं आणि कावळा आला. पिंडाचा मोठा लचका घेऊन गेला. तात्या म्हणाले, "बघा! पुस्तकापायी आडकली हुती." मग सगळे आंघोळीला उतरले.

तू म्हणशील, गोष्ट माझी, मी जिवंत, आणि पुरी तू करणार? तेव्हा मी तेवढा विचार केला नव्हता. आता रोज करते. पण गावासमोर शब्द दिला आहे. तो मोडणंही खोटेपणाच होईल.

दर्याबाईचा प्रश्न मिळाला. 'खाली कोण राहतं?' एवढाच! मी असं काही लिहू शकले नसते. जसाच्या तसा घातला. लोकांना तो फार आवडला. एकीनं लिहिलं, "ज्ञानेश्वरीताई, हे सुचतं कुठून हो तुम्हाला?" मी तिला नुसते नमस्काराचे हात पाठवले. ते खोटं होत नाही.

ज्ञानू


श्रीगोंदा, १९ जानेवारी २०२५

ताई,

नगरचे एक प्रकाशक पुस्तक काढायला तयार झाले आहेत. अण्णांना इतका आनंद झाला की त्यांनी गहिनीनाथाच्या टपरीवर सगळ्यांना चहा पाजला. "पोरीचं काम मार्गी लागलं," असं सांगत होते. कुठल्या पोरीचं ते मी विचारलं नाही.

अडचण येसनाकाची आली. प्रकाशक म्हणाले, "मॅडम, ते 'नाक' बघा, नावातच जात दिसते. वाचक बिचकतो. बघा, काही करता आलं तर." हे एक. दुसरं असं की दर्याबाई त्याचा हात धरते तो भाग मी अण्णांना वाचून दाखवला, तेव्हा दाव्यावरचे त्यांचे हात थांबले.

"कुनाचा हा पोरगा?"

"नळवाला आहे, अण्णा."

"ते कळलं गं. पर कुनाचा?"

मी म्हणाले, पुढं येतंय. मग ते रोज विचारू लागले. जेवताना, उसाला पाणी धरताना, तात्यांच्या देखत. "त्याच्यात कायतरी मेख असनार बघ. येवढा जिगरीचा गडी आसातसा नसतो."

म्हणून मी मेख घातली. येसनाक आता येसाजी आहे. लढाईत हरवलेला सरदाराचा मुलगा, नळवाल्यांनी वाढवलेला. खांद्यावर तलवारीच्या आकाराची जन्मखूण आहे. लढायांच्या धामधुमीत मुलं हरवत असत, तेव्हा हे इतिहासाला सोडून नाही. खूण ओळखल्यावर दर्याबाईचे वडील स्वतः गढीचा दरवाजा उघडायला उतरतात आणि दोघांना पोटाशी धरतात. तू हा शेवट कधी सांगितला नव्हतास. तुझे दोघं नळातून निघून जातात ते परत येत नाहीत. मला वाटलं, बापानं दार उघडलेलं अण्णांनी एकदा ऐकावं. निदान गोष्टीत.

ते ऐकलं, ताई. इतके रडले की वासरू बुजलं. "बाप आसावा तर आसा," म्हणाले. मी तेवढ्यावर धीर केला. विचारलं, "अण्णा, आणि तो खरोखर नळवाल्याचाच निघाला असता तर?"

ते हसले. डोळे अजून ओले होते. "मग गोष्ट कशाला झाली आसती, येडे? मग नुसती बदनामी." आणि दरवाजा उघडतो तो भाग परत वाच म्हणाले.

मी परत वाचला.

हे पत्र चेतनरावांना दाखवू नकोस.

ज्ञानू


श्रीगोंदा, ९ मार्च २०२५

ताई,

तू फार कडक लिहिलंस. 'मिरची काढलीस, कारण ती तेव्हा नव्हती. येसनाक तर होता ना? त्याला कशाला काढलंस?'  मी ते वाक्य परत वाचलं आणि पुढच्या ओळीवर गेले.

पुढं तू म्हणतेस, शेवट बदललास तो बदललास, निदान माझं नाव घाल. माझं आजचं नाव, 'मोनिका चेतन साळवे'. म्हणतेस, बाकी काही मागत नाही. माहेर नको, जमीन नको, आईला भेटवा असंही म्हणत नाही. गोष्ट माझी आहे एवढं छापा.

तुझं बरोबर आहे. दुसऱ्याची वस्तू स्वतःची म्हणून खपवणं मला जमणार नाही. मी त्याच दिवशी अण्णांशी बोलले. म्हणाले, "गोष्ट मुळात ताईची आहे, तिचं नाव यायला पाहिजे." मला वाटलं, चिडतील. तर म्हणाले, "आलंच पायजे! तिच्यासाठी तर समदं चाललंय." त्यांनी स्वतः कागद घेतला. त्यांचं अक्षर तुला माहीत आहे, चुन्यानं लिहिल्यासारखं मोठं. लिहिलं, 'मूळ कल्पना: कै. कु. मोनिका गोरक्ष दरेकर'.

मी म्हणाले, "अण्णा, कै. नको."

"का नको?"

"बरं दिसत नाही."

"आगं, जिच्यासाठी पुस्तक काढायचं ती मेलीय. मेली नसंल तर मग मला सांग, काढायचं कशापायी?" असं म्हणून त्यांनी त्या अक्षरावर पुन्हा पेन फिरवला.

मी सगळ्या बाजूंनी विचार केला, ताई. तू जिवंत असशील तर माझा नदीवरचा शब्द फुकट, अण्णांचं मुंडण फुकट, आणि पुस्तकही नाही. तू 'कै.' असशील तर तुझं नाव मुखपृष्ठावर येतं, माझ्या नावाच्या वर. नाव अजिबात न घालणं ही चोरी झाली असती आणि मला चोरी करायची नाही. तेव्हा दोन्हींत तुझं हित कशात आहे ते शांतपणे बघ. कै. म्हणजे नुसतं एक अक्षर आणि एक टिंब. त्याच्या पुढचं नाव तर तुझंच आहे ना, आपण शाळेत घालायचो तेच.

प्रकाशकांना कागद दिला आहे. तुझ्या होकाराची वाट बघायला वेळ नव्हता. तू होच म्हणशील अशी आशा आहे.

ज्ञानू


श्रीगोंदा, १८ ऑगस्ट २०२५

ताई,

काल तू नगरला पुस्तकाच्या प्रकाशनाला येशील असं मला वाटलं नव्हतं. ॲपवर मी कार्यक्रमाची वेळ टाकली ती वाचकांसाठी. तुला कळवण्यासाठी नव्हे. असं मी म्हणते, पण टाकताना तू वाचशील हे मनात आलं नव्हतं, असं म्हणणार नाही.

तुझा फोटो व्यासपीठावर ठेवायचा हे तात्यांचं. हार चंदनाचा होता, फुलांचा नव्हता, म्हणजे नंतरही वापरता येईल. माझ्यापुरतं सांगते. भाषण करताना मला तू शेवटून दुसऱ्या रांगेत दिसलीस. मांडीवर पोर. मी त्याच वेळी म्हणत होते, "आज ताई असती तर." वाक्य लिहून आणलं होतं. मध्येच बदलता येईना. सभागृहात कोणीतरी डोळे पुसले. तू दर्याच्या तोंडातून चपलेचा पट्टा काढत होतीस.

मग तू सहीच्या रांगेत उभी राहिलीस. तुझ्या मागं ज्या बाई होत्या, सत्यशीला नावाच्या, त्यांनीच मला नंतर सगळं सांगितलं. त्या फोटोकडे बघून तुला म्हणाल्या, "केवढ्या लहान वयात गेली हो!" तू विचारलंस, "हो ना. झालं काय होतं?" त्या म्हणाल्या, "ताप आला म्हणे." तू म्हणालीस, "आईगं." त्यांना तू फार हळवी वाटलीस.

अण्णा माझ्या शेजारी बसून प्रत्येक प्रत उघडत होते आणि सहीचं पान माझ्यापुढं सरकवत होते. तुझी पाळी आली तेव्हा त्यांनी मान वर केली. त्यांनी तुला ओळखलं. मला कळलं, कारण पानावरचा त्यांचा अंगठा तिथंच राहिला आणि मला तो बाजूला करावा लागला. मग ते म्हणाले, "या बाई. नाव सांगा."

तू माझ्याकडे बघितलंस. किती वेळ बघितलंस ते मला सांगता येणार नाही, मी पेनाकडे बघत होते. मी विचारलं, "नाव काय लिहू?"

"मोनिका चेतन साळवे." मागच्या चार माणसांना ऐकू जाईल असं म्हणालीस.

"लिही," अण्णा म्हणाले, "लोक खोळंबलेत."

मी लिहिलं. 'मोनिका चेतन साळवे यांना, स्नेहपूर्वक. ज्ञानेश्वरी दरेकर.' सावकाश लिहिलं, काही चुकू नये म्हणून. तुझं खरं नाव, सासरच्या आडनावासकट, त्या एका प्रतीत आलं आहे. लेखकाच्या जागी नाही, वाचकाच्या जागी आहे. तरी पुस्तकात आहे.

दर्यानं अण्णांच्या टोपीला हात घातला. त्यांनी टेबलावरच्या पुड्यातला पेढा काढून तिच्या मुठीत दिला. "नाव काय हिचं?"

"दर्या."

"आमच्या पुस्तकातलं ठिवलंय. चांगलं केलंत." आणि मग, पाव्हण्याबायकांशी बोलतात त्या आवाजात, "आमची थोरली आज आसती तर तिला लई आनंद झाला आसता बघा."

तू म्हणालीस, "झाला असता." आणि बाजूला झालीस. सत्यशीलाबाईंनी त्यांची प्रत पुढं केली.

 येताना फाट्याशी गाडी वळली तेव्हा अण्णांनी विचारलं, "पेढा खाल्ला का गं तिनं?" मी म्हणाले, "बघितलं नाही." खरंच बघितलं नव्हतं.

ज्ञानू


श्रीगोंदा, २१ सप्टेंबर २०२५

ताई,

तुझं उत्तर नाही. रेश्मा म्हणाली, "या टायमाला खरंच गेली वाटतं तुझी ताई." मी तिला म्हणाले, असं बोलू नये. ती म्हणाली, "तू छापतीस ते चालतं व्हय?" तिच्या पार्लरवर मी आता फारशी जात नाही. हे पत्र थेट तुझ्या पत्त्यावर टाकते आहे.

पुस्तक चांगलं चाललं आहे. प्रकाशक दुसरं मागतात आणि माझ्याकडे दुसरं नाही. तू दर्याबाईच्या धाकट्या बहिणीची गोष्ट अर्धी सांगितली होतीस. दर्याबाई गेल्यावर जी मागचं दार लावून घेते, ती. पुढं तिचं काय होतं, ते तू सांगणार होतीस आणि मग चेतनरावांबरोबर निघून गेलीस. तेवढं कळव. आणि त्या काळी दाराला आतून अडसर असायचा की साखळी, तुझ्या मनात काय होतं? मुखपृष्ठावरच्या तुझ्या नावाबद्दल मी अण्णांशी पुन्हा बोलेन. बोलेन असं लिहिते, जमेल असं लिहीत नाही.

आणखी एक कळवायचं आहे.

पुस्तक घरी आलं तेव्हा आईनं ते हातात घेतलं होतं. तिला वाचता येत नाही, पण तुझ्या नावाचा आकार तिला ओळखता येतो, अण्णा चाळीच्या फळीवर लिहायचे तेव्हापासून. त्यावर बोट ठेवून म्हणाली, "ही मोनी. आन ह्ये आधीचं काय?" मी सांगितलं. तिनं पुस्तक पदरानं पुसून देवळीत ठेवलं.

आज सर्वपित्री होती. तुझं पान घेऊन ती स्लॅबवर गेली, मी मागून गेले. काठी टाकीला टेकवलेली तशीच होती. आई पायरीवर बसली. कावळा कठड्यावर आला, मग पानाजवळ आला. ती उठेना.

मी म्हणाले, "आई, हाकल की."

"फ्लेक्स हुता तवर हाकलला," ती म्हणाली. "फ्लेक्स वाऱ्यानं फाटून गेला. आता तू छापलंस. छापलेलं कसं हाकलू?"

कावळ्यानं आधी वडा नेला. मग दुसरा आला. काठी माझ्या हाताशी होती. मी ती घेतली नाही, कारण ते काम आईचं होतं.

खाली आल्यावर अण्णांनी नेहमीसारखं विचारलं. आई म्हणाली, "शिवला."

मी तिथंच उभी होते, म्हणून तुला खात्रीनं सांगते. या वेळी ती खोटं बोलली नाही.

ज्ञानेश्वरी